त्साओ त्साओ : इतिहासातील पुरुष आणि कथेतील प्रतिनायक

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नायक आणि प्रतिनायक या संज्ञांशी तुमचा परिचय यापूर्वीच झालेला आहे. धनंजयाने 'दशरूपक' या ग्रंथात प्रतिनायकाला लोभी, उद्धत, हटवादी आणि पापाचरणी शत्रू मानले आहे, हेही तुम्हांला आठवत असेल. रामासमोर रावण आणि युधिष्ठिरासमोर दुर्योधन ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. प्रस्तुत घटकात आपण एका निराळ्या परंपरेतील प्रतिनायकाचे चरित्र पाहणार आहोत. 'तीन राज्यांची कथा' या चिनी अभिजात कादंबरीतील त्साओ त्साओ हा तो प्रतिनायक. तो कल्पित नाही. इ. स. १५५ मध्ये तो जन्मला आणि २२० मध्ये मरण पावला. तो सेनापती होता, राज्यकर्ता होता, कवी होता; आणि त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अकराशे वर्षांनी आकाराला आलेल्या एका कथेने त्याला खलपुरुष म्हणून अमर केले.

आपल्याकडे नाव काढताच माणूस दारात उभा राहिला, तर त्याला शंभर वर्षे आयुष्य आहे असे आपण म्हणतो. चीनमध्ये अशा वेळी त्साओ त्साओचे नाव काढले आणि त्साओ त्साओ आला असे म्हणतात. तेथील पारंपरिक संगीत नाटकात त्याचा चेहरा पांढऱ्या रंगाने रंगवलेला असतो. असा पांढरा चेहरा हा तेथे कपटाचा संकेत असल्यामुळे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षकांचा न्याय झालेला असतो. हे चरित्र वाचताना तो रंग थोडा वेळ बाजूला ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. तो पुसून टाकावा असे मात्र सुचवायचे नाही.

घराणे आणि पूर्वायुष्य

त्साओ त्साओचा जन्म आजच्या आन्हुइ प्रांतातील बोझोऊ येथे झाला. त्याचा आजा त्साओ थेंग हा हान सम्राटांच्या दरबारातील एक वजनदार खोजा होता. खोजाला अपत्य कोठून असणार? त्याने दत्तक घेतलेला मुलगा त्साओ सोंग हा त्साओ त्साओचा पिता. या पित्याचे मूळ कुळ कोणते, हे त्या काळच्या इतिहासकारालाही सांगता आले नाही. पुढे त्साओ सोंगने मोठी रक्कम मोजून राज्यातील अत्युच्च पदांपैकी एक पद मिळवले. पैसा होता, सत्ता होती. कुळाची प्रतिष्ठा तेवढी नव्हती. ही उणीव त्साओ त्साओला आयुष्यभर सोबत करणार होती आणि त्याचे शत्रू नेमके तेथेच बोट ठेवणार होते.

आता त्याचा प्रतिस्पर्धी पाहा. लिऊ बेई हा कादंबरीचा नायक. त्याचा जन्म १६१ चा, उत्तरेकडील आजच्या हपेइ प्रांतातला. वडील लहानपणीच वारले. आई आणि मुलगा पादत्राणे विकून, चटया विणून पोट भरत. घरात दारिद्र्य, परंतु वंश हान राजघराण्याचा, असे तो सांगे. म्हणजे एकाकडे वंश आहे आणि धन नाही. दुसऱ्याकडे धन आहे आणि वंश नाही. कादंबरीने या विरोधाचा पुरेपूर उपयोग केला आहे, पण तो तिने निर्माण केलेला नाही. इतिहासानेच तो तिच्या हाती दिला होता.

विशीच्या सुमारास त्साओ त्साओ राजधानी लोयांगच्या उत्तर विभागाचा रक्षक-अधिकारी झाला. त्याने नगरद्वारावर पाच रंगांचे दंडे टांगून ठेवले आणि नियम मोडणाऱ्याला, मग तो कितीही मोठा असो, त्या दंड्यांनी मारण्याची आज्ञा दिली. सम्राटाच्या मर्जीतील एका खोजाचा काका रात्री संचारबंदी मोडताना सापडला आणि मार खाऊन मेला. खोजाच्या नातवाने खोज्यांच्याच सत्तेला असे आव्हान द्यावे, यात त्याच्या स्वभावाची एक बाजू स्पष्ट दिसते.

त्याच सुमारास शू शाओ नावाच्या एका ख्यातनाम गुणपारख्याने त्याच्याविषयी अभिप्राय दिला. या अभिप्रायाचे दोन पाठ आज उपलब्ध आहेत. एका पाठानुसार हा माणूस शांततेच्या काळात कर्तबगार मंत्री ठरेल आणि अराजकात धूर्त, दुष्ट वीर ठरेल. दुसऱ्या पाठानुसार शांततेच्या काळात तो दुष्ट चोर आणि अराजकात वीर ठरेल. शब्द जवळजवळ तेच. केवळ जागा बदललेल्या. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे अवश्य थांबावे. पहिला पाठ खरा मानला तर त्साओ त्साओला काळाने बिघडवले; दुसरा खरा मानला तर काळाने त्याला घडवले. कादंबरीने कोणता पाठ उचलला असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

एका हत्येच्या तीन हकिकती

१८४ मध्ये पीत शिरोवेष्टनधारी शेतकऱ्यांचे प्रचंड बंड उसळले आणि हान साम्राज्य खिळखिळे झाले. १८९ मध्ये सम्राट वारला, दरबारात कत्तल झाली आणि डोंग झुओ या सेनानीने राजधानी ताब्यात घेतली. त्साओ त्साओने त्याची चाकरी नाकारली आणि तो पळाला. वाटेत ल्यू बोशे या परिचिताच्या घरी तो उतरला. तेथे काय घडले?

त्याच्या पक्षाच्या एका इतिहासात असे आहे की, यजमान घरी नव्हता. त्याची मुले आणि त्यांचे सोबती पाहुण्याला लुटू लागले, म्हणून स्वसंरक्षणार्थ त्याने काहींना मारले. दुसऱ्या ग्रंथात असे आहे की, मुलांनी त्याचे आतिथ्य केले, पण संशयाने पछाडून त्याने रात्री आठ जणांना ठार केले. तिसऱ्या ग्रंथात असे आहे की, त्याने भांड्यांचा आवाज ऐकला, तो शस्त्रांचा वाटला, त्याने हत्या केली. आणि मग विषण्ण होऊन, दुसऱ्याने माझा घात करण्यापेक्षा मी दुसऱ्याचा घात केलेला बरा, अशा अर्थाचे काही तो बोलला. हे सगळे पाठ आपल्यापर्यंत पोहोचले ते पेई सोंगझी या भाष्यकारामुळे. छेन शोऊने तिसऱ्या शतकात लिहिलेल्या मूळ इतिहासाला त्याने ४२९ मध्ये टीपा जोडल्या आणि परस्परविरोधी हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या.

कादंबरीकाराने तिसरी हकिकत घेतली आणि ती पुढे नेली. घरातील माणसे मारल्यावर स्वयंपाकघरात बांधलेले डुक्कर दिसते. म्हणजे सुऱ्या पाजळल्या जात होत्या त्या पाहुणचारासाठी. पळताना वाटेत म्हातारा यजमान मद्य घेऊन परतताना भेटतो. त्साओ त्साओ त्यालाही मारतो, आणि हे मारणे गैरसमजातून नव्हे, समजून उमजून. त्याचे उद्गारही बदलतात. विषण्णता नाहीशी होते आणि दुसरा माणूस या शब्दाच्या जागी सारे जग येते. एका भेदरलेल्या फरारी माणसाचे समर्थन हे आता एका खलपुरुषाचे तत्त्वज्ञान झाले. एखाददुसऱ्या शब्दाने चरित्र कसे पालटते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

शूझोऊचा कलंक

तथापि, कादंबरीने त्साओ त्साओवर केवळ अन्यायच केला असे मानण्याची घाई करू नये. १९३ मध्ये त्याचा पिता शूझोऊ प्रांताच्या परिसरात मारला गेला. त्या प्रांताचा अधिपती ताओ छ्येन याला जबाबदार धरून त्साओ त्साओ चालून गेला. पराभूत सैन्याबरोबर सामान्य प्रजेचीही कत्तल झाली. प्रेतांनी नदीचा प्रवाह अडला, असे प्राचीन इतिहासात नमूद आहे. पुढल्या वर्षी तो पुन्हा आला. यात पाठभेदाला जागा नाही आणि रंगभूमीच्या रंगाचा दोषही नाही. स्वतःच्या कवितांत त्याने युद्धाने ओसाड झालेल्या मुलखाचे आणि निराधार मेलेल्या माणसांचे दुःख गायले आहे. तो कवी आणि हा सेनापती एकच. या दोघांना एका देहात ठेवून वाचणे अवघड आहे. परंतु चरित्र म्हणून वाचायचे तर त्यावाचून गत्यंतर नाही.

याच शूझोऊच्या मदतीला लिऊ बेई धावून आला. ताओ छ्येनच्या मृत्यूनंतर तो प्रांत त्याच्याकडे गेला. दोघांची वाट येथून एकमेकांत गुंतली.

आरसा

१९६ मध्ये त्साओ त्साओने आयुष्यातील सर्वांत दूरदर्शी निर्णय घेतला. निराश्रित झालेल्या तरुण हान सम्राटाला त्याने आपल्या आश्रयाखाली, आजच्या शूछांग येथे आणले. तेव्हापासून त्याची प्रत्येक आज्ञा सम्राटाच्या नावाने निघू लागली. त्याच वर्षी त्याने ओसाड जमिनींवर शेतकरी वसवून सरकारी शेती सुरू केली. त्या काळात सैन्ये लढाईपेक्षा उपासमारीने अधिक मोडत. धान्याची कोठारे भरली आणि त्याच्या यशाचा पाया घातला गेला. कादंबरीत या शेतीला फारशी जागा नाही, कारण नांगरापेक्षा तलवार कथेला अधिक मानवते.

त्याच सुमारास ल्यू बूने शूझोऊ हिसकावून घेतल्यामुळे निराधार झालेला लिऊ बेई त्साओ त्साओच्याच आश्रयाला आला. याला आत्ताच संपवा, असा सल्ला देणारे होते. त्साओ त्साओने तो मानला नाही. दोघे एका रथातून फिरत, एका चटईवर बसत. एके दिवशी भोजनप्रसंगी त्साओ त्साओ त्याला म्हणाला की, आजच्या जगात वीर असे दोघेच आहेत, एक तुम्ही आणि दुसरा मी. लिऊ बेईच्या हातातील चमचा आणि भोजनाच्या काड्या खाली पडल्या. हा प्रसंग मूळ इतिहासात आहे. कादंबरीने त्यात कच्ची आलुबुखार फळे, ऊन मद्य, आकाशात दाटलेले मेघ आणि नेमक्या क्षणी झालेला मेघगर्जनेचा कडकडाट यांची भर घातली. लिऊ बेई गडगडाटाला घाबरल्याचे सोंग करतो आणि त्साओ त्साओचा संशय फिटतो.

हा प्रसंग पुन्हा वाचा. खरे बोलणारा कोण आणि सोंग करणारा कोण? प्रतिनायक येथे मोकळेपणाने प्रतिस्पर्ध्याचे मोठेपण मान्य करतो आहे आणि नायक कपट करतो आहे. त्या वेळी लिऊ बेई त्साओ त्साओच्या वधाच्या गुप्त कटाशी जोडला गेलेला होता, हेही ध्यानात घ्यावे.

लिऊ बेईला स्वतःला या आरशाची पूर्ण जाणीव होती. अनेक वर्षांनंतर पांग थोंग या सल्लागाराने त्याला पश्चिमेकडील यी प्रांत घेण्याचा आग्रह केला. तो प्रांत लिऊ झांगचा होता. तो लिऊ बेईच्याच कुळनामाचा आणि त्याला विश्वासाने बोलावणारा यजमान. तेव्हा लिऊ बेईने जे उत्तर दिले त्याचा आशय असा : आपले आणि त्साओ त्साओचे नाते आग आणि पाण्याचे आहे, तो कठोर तर आपण सौम्य, तो क्रूर तर आपण दयाळू, तो कपटी तर आपण प्रामाणिक, प्रत्येक वेळी त्याच्या उलट वागल्यामुळेच आपले साधत आले आहे. विचार करा, ही सद्गुणाची भाषा आहे की धोरणाची? शत्रूकडे पाहून, त्याच्या उलट, आपली प्रतिमा घडवणाऱ्या माणसाचे हे बोलणे आहे. आणि पुढे काय झाले? २१४ मध्ये लिऊ बेईने यी प्रांत घेतलाच. आरशातला उजवा हात आणि डावा हात त्या क्षणी एकाच हालचालीत दिसले.

उलट बाजूही पाहायला हवी. २०८ मध्ये त्साओ त्साओ दक्षिणेत उतरला तेव्हा लिऊ बेईबरोबर एक लाखाहून अधिक प्रजाजन घरदार सोडून निघाले. त्यांना मागे टाका, असे सांगूनही त्याने ऐकले नाही, आणि त्यामुळे तो गाठला गेला. शूझोऊची नदी ज्यांना आठवत होती ती माणसे कोणाच्या मागे जाणार, हे उघड होते. लिऊ बेईची दया धोरणी असेल. ती लाखभर लोकांना खरी वाटली, ही गोष्टही तितकीच खरी.

जिंकलेले, हरलेले

२०० मध्ये ग्वानडू येथे त्साओ त्साओने कितीतरी मोठ्या सैन्याच्या युआन शाओचा पराभव केला. शत्रूच्या छावणीत त्याच्याच माणसांनी युआन शाओला लिहिलेली पत्रे सापडली. त्याने ती जाळून टाकवली. युआन शाओ प्रबळ असताना माझी मलाच खात्री नव्हती, मग इतरांची काय कथा, असा त्याचा विचार होता. युआन शाओच्या बाजूने छेन लिन या लेखकाने त्याच्या खोजा आजोबापासून सर्वांचा उद्धार करणारे जाहीरपत्र लिहिले होते. तो पकडला गेला तेव्हा माझी निंदा करायची ती केलीस, वाडवडिलांना कशाला ओढलेस, एवढेच विचारून त्साओ त्साओने त्याला चाकरीत घेतले. लिऊ बेईचा जिवलग ग्वान यू त्याच्या हाती सापडला, त्याने त्याला मानाने वागवले आणि तो जुन्या स्वामीकडे परत निघाला तेव्हा पाठलाग करू दिला नाही. संशयी म्हणून गाजलेल्या पुरुषाच्या चरित्रात या गोष्टी ठळक आहेत.

आणि याच पुरुषाने २०८ मध्ये खुंग रोंग या विद्वानाला कुटुंबासह मारले, २१४ मध्ये सम्राज्ञी फू हिचा आणि तिच्या दोन मुलांचा अंत घडवला.

त्याच्या घरातील एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. १९७ मध्ये वान येथे शरण आलेल्या सरदाराने अचानक उलटून हल्ला केला. थोरला मुलगा त्साओ आंग त्यात मारला गेला. आंगला जन्म देणारी आई पूर्वीच वारली होती. त्याला वाढवले होते ते पहिली पत्नी डिंग हिने. ती रडत राहिली, नवऱ्याला दोष देत राहिली. रागावून त्याने तिला माहेरी पाठवले. काही काळाने तो तिला आणायला गेला. ती मागावर विणत बसली होती. तो आल्याची वर्दी मिळूनही उठली नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बरोबर गाडीतून चलण्याची विनंती केली. तिने मान वळवली नाही, उत्तरही दिले नाही. दारापर्यंत जाऊन त्याने पुन्हा विचारले. शांतता. मग त्याने तिला दुसरे लग्न करण्याची मोकळीक दिली. तिच्या माहेरच्यांना तसे करण्याचे धाडस झाले नाही. मृत्यूसमयी त्याच्या मनात हीच रुखरुख होती की, परलोकी मुलाने आई कुठे आहे असे विचारले तर काय सांगावे. साऱ्या उत्तर चीनचा धनी एका मागाच्या आवाजापुढे निरुत्तर झाला होता.

दुसरा लाडका मुलगा त्साओ छोंग. हत्तीचे वजन कसे करावे हे दरबारात कोणाला सुचेना, तेव्हा हत्तीला नावेत उभे करून पाण्याची खूण घ्यावी आणि मग तेवढ्याच खुणेपर्यंत इतर वस्तू भराव्यात, असे या बालकाने सुचवले. तुळापूरच्या नावामागची शहाजीराजांची कथा तुम्हांला येथे आठवली असेल. छेन यिनको या चिनी विद्वानाने या कथेचे मूळ भारतीय बौद्ध वाङ्मयात दाखवले आहे. तेव्हा हे साम्य अगदीच आगंतुक नसावे. हा मुलगा २०८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी वारला. हुआ थुओ या थोर वैद्याला आपणच मारले नसते तर मूल वाचले असते, असा पश्चात्ताप तेव्हा त्साओ त्साओला झाला. स्वतःच्या डोकेदुखीवर उपचार करणाऱ्या या वैद्याला, पत्नीच्या आजाराची सबब सांगून परत येण्याचे टाळल्याबद्दल, त्याने तुरुंगात टाकून ठार केले होते. कादंबरीत मात्र वैद्य त्याची कवटी उघडण्याचा उपाय सुचवतो आणि त्याला त्यात वधाचा कट दिसतो.

२०८ च्या हिवाळ्यात लाल कड्यांच्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि चीन एकछत्री करण्याची संधी गेली. २१० मध्ये त्याने दोन विलक्षण आज्ञापत्रे काढली. एकात, गुणवान माणूस चारित्र्याने निष्कलंक नसला तरी चालेल, असे सांगितले. दुसऱ्यात स्वतःचे आयुष्य मांडले : तारुण्यात आपली आकांक्षा समाधीशिळेवर हान साम्राज्याचा सेनापती असे कोरले जावे एवढीच होती, आणि आपण नसतो तर किती जणांनी स्वतःला सम्राट म्हणवून घेतले असते कोण जाणे. तो २१३ मध्ये वेईचा ड्यूक आणि २१६ मध्ये राजा झाला, पण सिंहासनावर बसला नाही. मार्च २२० मध्ये तो लोयांग येथे वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा त्साओ फी याने हान सम्राटाला पदच्युत केले. पुढच्या वर्षी लिऊ बेईनेही स्वतःला सम्राट घोषित केले. हयातभर सम्राट न झालेला तो राज्यापहारी आणि झालेला तो निष्ठावंत, अशी वाटणी कथेने केली आहे.

मृत्युपत्रात त्याने साधे दफन सांगितले. सोने-रत्ने पुरू नयेत, आणि अंतःपुरातील स्त्रियांनी रिकामे न बसता पादत्राणे तयार करून विकायला शिकावे. लिऊ बेईचे आयुष्य जेथे सुरू झाले होते, तेथेच या मृत्युपत्राचा शेवट येतो.

मरणोत्तर

छेन शोऊने त्याला असामान्य पुरुष म्हटले आणि वेईला वैध राज्य मानले. चौथ्या शतकापासून दुसरे मत उठू लागले. अकराव्या शतकात सू शी या कवीने नोंदवले आहे की, गल्लीतील मुले कथेकऱ्याकडून ही कथा ऐकताना लिऊ बेई हरला की रडत आणि त्साओ त्साओ हरला की आनंदित होत. ११२७ मध्ये उत्तर चीन परकीयांच्या हाती गेला. दक्षिणेत लोटल्या गेलेल्या दरबाराला आपले प्रतिबिंब कोपऱ्यात ढकलल्या गेलेल्या लिऊ बेईत दिसणे स्वाभाविक होते; उत्तर ज्याच्या ताब्यात, तो त्साओ त्साओ. लुओ ग्वानझोंगच्या नावे ओळखली जाणारी कादंबरी चौदाव्या शतकातली. सतराव्या शतकात माओ लुन आणि माओ झोंगगांग या पितापुत्रांनी तिची १२० प्रकरणांची आवृत्ती सिद्ध केली, आणि त्साओ त्साओ आणखी काळवंडला. तरीही माओ झोंगगांगने कादंबरीतील तीन अतुलनीय व्यक्तींत सर्वोत्तम मंत्री आणि सर्वोत्तम सेनापती यांच्या जोडीला सर्वोत्तम खल म्हणून त्यालाच बसवले.

विसाव्या शतकात लू शून यांनी दाखवून दिले की, लिऊ बेईला अतिशय दयाळू रंगवण्याच्या नादात कादंबरीने त्याला ढोंगी भासवले आहे. १९५९ मध्ये ग्वो मोरुओ यांनी त्साओ त्साओची बाजू घेणारे लेख आणि एक नाटक लिहिले. तेही त्यांच्या काळाच्या आरशासमोर उभे राहूनच.

कादंबरी सांगते की, आपली कबर कोणाला सापडू नये म्हणून त्याने ७२ खोट्या कबरी बांधवल्या. २००९ मध्ये हनान प्रांतात आन्यांगजवळील एका खेड्यात त्याची कबर सापडल्याचे पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केले. काही अभ्यासकांनी शंका घेतल्या. चोरांनी ती आधीच फोडली होती. आत साठीच्या आसपासच्या पुरुषाचे अवशेष होते आणि कोरीव अक्षरांच्या लहान शिलापट्टिका होत्या. वेईच्या राजाच्या नित्य वापरातील शस्त्रांची नावे त्यांवर होती. चोरांकडून परत मिळवलेल्या वस्तूंमध्ये एक दगडी उशी होती. राजा ती मानेला आराम मिळावा म्हणून वापरत असे, असे तिच्यावर कोरलेले आहे.